हमालाची लेक विद्यापीठात जाते तेव्हा

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात माल चिठ्ठ्यांवर चालतो. फाटकावर आवक नोंदली जाते, लिलाव होतो, काटा होतो आणि शेवटी अडत्याकडून हिशेबपट्टी मिळते. मधली एक चिठ्ठी गहाळ झाली, की माल विकला जाऊनही पैसे अडतात. याच बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाची मुलगी किंवा मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईचा मुलगा पदवीला जातो, तेव्हा त्यांच्या हक्कांचेही असेच होते. हक्क कायद्यात असतो. पण हातात येतो तो एकामागून एक लागणाऱ्या कागदांनी, आणि प्रत्येक कागदाला मुदत असते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ सालची. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. घरातली पहिलीच पदवी घ्यायला निघालेली कितीतरी मुले दरवर्षी इथे नाव नोंदवतात. त्यांच्या ताणाबद्दल बोलताना आपण अभ्यास, स्पर्धा, मोबाईल यांवर थांबतो. पण कळमन्यासारख्या वस्तीतल्या मुलाच्या काळजीचा मोठा भाग कागदांचा असतो: फॉर्म बाद तर होणार नाही ना, फी कधी जमा होणार, कॉलेज हॉलतिकीट देईल ना. म्हणून सामाजिक न्याय, ओळख आणि मनाचे स्वास्थ्य हे तीन विषय इथे वेगळे काढता येत नाहीत. ही साखळी कशी चालते, ते क्रमाने पाहू.

पहिला टप्पा : जातीचा दाखला

जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो. अर्ज सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून भरायचा. त्याचा पाया २००० सालचा महाराष्ट्राचा जातप्रमाणपत्र कायदा आणि २०१२ चे नियम. कुटुंब एका ठरलेल्या तारखेला महाराष्ट्रात राहत होते आणि त्याची जात तीच होती, एवढे सिद्ध करायचे असते. ती तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे.

म्हणजे आज अठरा वर्षांच्या मुलीला आजोबा-पणजोबांचा पुरावा शोधावा लागतो. विदर्भात तो सापडतो गावच्या शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत किंवा जुन्या जमिनीच्या कागदात. ज्यांचे आजोबा भूमिहीन होते आणि शाळेत गेलेच नाहीत, त्यांच्याकडे यातले थोडेच असते. शाळेची पायरी ज्यांना सर्वांत उशिरा चढता आली, त्यांच्याचकडे शाळेची जुनी नोंद मागितली जाते, हा या व्यवस्थेतला मूळ पेच आहे.

कळमन्यात आणखी एक अडचण येते. बाहेरच्या राज्यातून कामाला आलेली कुटुंबे इथे एक-दोन पिढ्या राहिलेली असतात. राज्याच्या कोट्यासाठी जात मूळ राज्यातली धरली जाते. स्थलांतराबरोबर आरक्षण येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात पक्के केले. छत्तीसगडातून आलेल्यांची गुंतागुंत त्याहून वेगळी आहे. १९५० साली नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि रायपूर-बिलासपूर त्याच राज्यात होते. राज्ये नंतर वेगळी झाली. अशा कुटुंबाने ‘आपल्याला काही मिळत नाही’ असे धरून न बसता आजोबा नेमके कधी आणि कुठून आले, याचा कागद आधी शोधावा. निर्णय त्यावर अवलंबून असतो.

ओळख आणि कागद

नागपुरात ओळखीचा प्रश्न फक्त कचेरीत सुटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी जात मागे टाकून बौद्ध धम्म स्वीकारला. अनेक घरांनी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर अभिमानाने फक्त ‘बौद्ध’ लिहिले. पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. तोपर्यंत महाराष्ट्राने राज्यपातळीवर सवलती दिल्या, केंद्राच्या मात्र नव्हत्या. आजही धर्मांतरित बौद्ध विद्यार्थ्याला दाखला काढताना पूर्वजांची मूळ जात दाखवावी लागते. घराने जे सोडले तेच सरकारी कागदावर पुन्हा लिहायचे, ही गोष्ट सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कोणीतरी नीट समजावून सांगायला हवी. दाखल्यावरची नोंद पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची भरपाई मिळवण्यासाठी आहे. तो विद्यार्थी कोण आहे, याचे उत्तर त्या नोंदीत नसते.

पूर्व नागपुरात विणकरांच्या जुन्या वस्त्या आहेत आणि हलबा-कोष्टींचा वाद, म्हणजे कोष्टी हे हलबा जमातीचेच हा दावा, तिथे घराघरांत माहीत आहे. नागपूरच्याच एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००० मध्ये निकाल दिला, की राष्ट्रपतींच्या आदेशातली जमातीची नोंद जशी आहे तशीच वाचायची. चौकशी करून तिच्यात दुसरे नाव घालता येणार नाही. त्या विद्यार्थ्याची पदवी न्यायालयाने कायम ठेवली, पण जमातीचा दावा मान्य केला नाही. या निकालानंतर पूर्व नागपुरातल्या अनेक तरुणांची कागदोपत्री ओळख अधांतरी राहिली.

दुसरा टप्पा : वैधता

दाखला मिळाला म्हणजे काम संपले, असे अनेकांना वाटते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश हवा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. बोलीभाषेत याला ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्गीयांसाठी जिल्हा जात पडताळणी समिती आहे. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. नागपुरात समाजकल्याणची कामे श्रद्धानंद पेठेतल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवनात चालतात.

समिती कशी काम करते? ऑनलाइन अर्ज, वंशावळ, प्रतिज्ञापत्र आणि जुने पुरावे आधी तपासले जातात. समाधान झाले तर प्रमाणपत्र मिळते. शंका राहिली तर प्रकरण दक्षता पथकाकडे जाते. ते गावात, शाळेत जाऊन मूळ नोंद पाहते. मग अर्जदाराला म्हणणे मांडायची संधी मिळते. दावा नाकारला तर पुढची दाद थेट उच्च न्यायालयात. वडील, काका, सख्खी बहीण किंवा भाऊ यांच्यापैकी कोणाकडे आधीच वैधता असेल, तर काम बरेच सोपे होते. म्हणून घरातल्या पहिल्या मुलाची फाईल काळजीपूर्वक बांधावी, पुढच्या सगळ्यांना ती उपयोगी पडते.

जमातीच्या दाव्यात आणखी एक कसोटी वापरली जाई: देव कोणते, लग्नाच्या रीती काय, बोली येते का. शहरात वाढलेल्या मुलाला यातले सगळे येईलच असे नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले, की ही आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. जुन्या कागदोपत्री पुराव्याला मोठे वजन आहे. हा निकाल माहीत असलेला विद्यार्थी समितीसमोर निराळ्या धीराने बसतो.

इथे वेळ सगळ्यांत महत्त्वाचा. बारावीचा निकाल लागल्यावर अर्ज करणारा विद्यार्थी प्रवेशफेरी सुरू झाल्यावरही पावती हातात घेऊन फिरत असतो. काही वर्षी शासनाने पावतीवर प्रवेश देऊन मुदत वाढवली, पण त्या आशेवर राहणे धोक्याचे. विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच, कॉलेजच्या पत्रासह अर्ज करावा.

तिसरा टप्पा : उत्पन्न आणि शिष्यवृत्ती

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून येतो. माथाडी मंडळात नोंद असलेल्या हमालाच्या मजुरीचा हिशेब मंडळाकडे असतो. १९६९ च्या माथाडी कायद्याचा हा एक कमी बोलला जाणारा फायदा. ज्यांची नोंद नाही, त्यांना स्वयंघोषणा आणि तलाठ्याच्या चौकशीवर भागवावे लागते. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येते.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही भारत सरकारची योजना १९४४ पासून चालू आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या पालकांचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही मिळतात. त्याहून जास्त असेल तर राज्याच्या योजनेतून फक्त शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क मिळते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे तपासणीला जातो, मग समाजकल्याणकडे. कॉलेजच्या टेबलावर अर्ज अडून राहणे, हे उशिराचे नेहमीचे कारण.

२०२१ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी खर्चाचा ६० टक्के भाग केंद्राकडे आणि ४० टक्के राज्याकडे दिला. राज्याने आपला वाटा दिल्यावर केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो, आणि त्यातली फी विद्यार्थ्याने कॉलेजात भरायची असते. यामुळे मधले हात कमी झाले. पण पैसा उशिरा आला की कॉलेजचा तगादा थेट विद्यार्थ्यामागे लागतो. आणि पैसे आले तेव्हा घरात आजारपण असेल, तर फीची रक्कम दवाखान्यात जाते. मग कॉलेजच्या वहीत तो विद्यार्थी ‘थकबाकीदार’ ठरतो. शिष्यवृत्तीपात्र मुलांकडून प्रवेशावेळी आगाऊ फी मागू नये, अशी तरतूद याच तत्त्वांत आहे. ती लेखी दाखवून बोलावे.

निर्वाह भत्त्याचा आकडाही पाहा. बी.ए., बी.कॉम.सारख्या अभ्यासक्रमाला घरी राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ३,००० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला २५०. वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ६,०००. यात बसपासही पुरता निघत नाही.

मुलींसाठी एक बदल लक्षात ठेवावा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

चौथा टप्पा : राहायचे कुठे

सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाली. नागपूरसारख्या मोठ्या शहरात शिकणाऱ्याला भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये त्या योजनेत धरलेले आहेत. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना त्याच धर्तीवर आहेत.

पण स्वाधारची एक अट कळमन्याच्या मुलाला बाहेर ठेवते: विद्यार्थी स्थानिक नसावा. कळमना नागपूर महापालिकेच्या हद्दीत आहे. नागपुरातच शिकायचे तर तो स्थानिक ठरतो. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला ही मदत मिळणे योग्यच आहे. पण दोन खोल्यांत सहा माणसे, पहाटे बाजाराला निघायची घाई आणि रात्रभर मालगाड्यांचा आवाज अशा घरात राहणारा मुलगा नियमानुसार ‘घरी राहून शिकणारा’ एवढाच असतो. त्याला उरतात ग्रंथालयाची अभ्यासिका आणि प्रवास. कळमना शहराच्या पूर्व टोकाला, विद्यापीठाचा मोठा परिसर पश्चिमेला अमरावती रस्त्यावर. २०२२ पासून मेट्रो प्रजापती नगरपर्यंत आली, तरी वस्तीपासून स्थानकापर्यंतचा तुकडा आपापला पार करावा लागतो.

त्यात बाजाराचा हंगाम. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास येतात आणि विद्यापीठाची हिवाळी परीक्षाही त्याच सुमाराला असते. मुलगा पहाटे वडिलांच्या जोडीला गाडी खाली करतो आणि अकराला वर्गात झोपतो. उपस्थिती कमी भरली की प्राध्यापकांना तो ‘अनियमित’ दिसतो. प्राध्यापकाने एकदा विचारले आणि विद्यार्थ्याने न लाजता सांगितले, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. विद्यापीठ किंवा कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना असेल, तर पोती उचलण्यापेक्षा ग्रंथालयातले दोन तासांचे काम कधीही बरे.

पाचवा टप्पा : वर्गात अपमान झाला तर

भेदभाव दरवेळी शिवी देऊनच होतो असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक विनियमांत त्याचे प्रकार लिहिलेले आहेत: वर्गात जातीचे नाव जाहीर करणे, एखाद्याला ‘राखीव’ म्हणून ओळखणे, कमी गुणांचे कारण जातीत शोधणे, वसतिगृहात वेगळे बसवणे. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, असे ते सांगतात.

हे विनियम बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला आणि मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या विद्यार्थ्यांच्या मृत्यूनंतर त्या दोघांच्या आयांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती याच अंमलबजावणीसाठी. त्यानंतर आयोगाने जानेवारी २०२६ मध्ये नवे विनियम काढले. त्यांना आव्हान मिळाले. न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती देऊन २०१२ चे विनियम लागू ठेवले.

तक्रार कुठे करायची, हे प्रकारावर ठरते. जातीय भेदभाव असेल तर समान संधी कक्ष. लैंगिक छळ असेल तर अंतर्गत तक्रार समिती. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ हा देशपातळीवरचा क्रमांक. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदाही आहे. फी, निकाल, प्रवेश यांची गाऱ्हाणी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. २०२३ च्या विनियमांनुसार तिने कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि पटले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते. कॉलेजने मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणे आयोगाने २०१८ मध्येच मना केले आहे.

पद्धत मात्र सगळीकडे एकच. घटना, तारीख, वेळ, उपस्थित माणसे लिहून अर्ज करायचा. दोन प्रती काढायच्या. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. तोंडी तक्रार हवेत विरते. आवक क्रमांक पडलेल्या अर्जाला कोणीतरी उत्तर द्यावे लागते.

सहावा टप्पा : मन

इतके सगळे पार करणाऱ्या मुलाचे मन थकते, यात नवल नाही. झोप न लागणे, वर्ग बुडवणे, घरी गुण लपवणे, मित्रांचे फोन न उचलणे ही लक्षणे आळशीपणाची म्हणून उडवून लावू नयेत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, ही त्यांतली एक. आपल्या कॉलेजात तो आहे का, हे विचारण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे.

कॉलेजात कोणी नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. नागपूरच्या मेयो आणि मेडिकल या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, त्यामुळे कॉलेजला कळेल या भीतीने थांबू नये. एखादा मित्र ‘आता नको वाटतं सगळं’ असे म्हणाला, तर त्याला उपदेश करू नका. थेट विचारा, ऐकून घ्या, एकटे सोडू नका आणि त्याच्या शेजारी बसून क्रमांक लावा.

पण समुपदेशकाकडे पाठवून संस्थेची जबाबदारी संपत नाही. आठ महिने न आलेली शिष्यवृत्ती श्वासाच्या व्यायामाने येत नाही. महाडीबीटीचे अर्ज वेळेत पुढे पाठवणारा लिपिक, यादी लावताना मुलांची जात न छापणारे कार्यालय आणि थकबाकी आहे म्हणून परीक्षेला न अडवणारा प्राचार्य हे तिघे मिळून विद्यार्थ्यांच्या मनाचे जितके आरोग्य राखतात, तितके कोणतेही एक दिवसाचे शिबिर राखू शकत नाही.

म्हणून दोन विनंत्या. कॉलेजांनी प्रवेशाच्या पहिल्या महिन्यात एक मदत-टेबल मांडावे आणि त्यावर दाखला, वैधता, शिष्यवृत्ती, तक्रार समिती व समुपदेशक यांची माहिती एकाच ठिकाणी द्यावी. आणि पालकहो, विद्यार्थ्यांनो, बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. वैधता लागणार असेल तर अकरावीतच अर्ज भरा, बँकेत जाऊन खाते आधारशी जोडलेले आहे का ते तपासा, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची आवक क्रमांकासह प्रत जपून ठेवा.